बाळाची गाडीतली जागा



बाळंतपणाला माहेरी आलेली लेक तीन महिन्यांनी सासरी निघते, त्या दिवशी घरात केवढी गडबड असते! ओटी भरायची, अळिवाचे लाडू डब्यात भरायचे, अंगडी-टोपडी, दुपटी, लंगोट यांची वेगळी पिशवी, मालिशच्या तेलाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची, निघताना बाळाला तीट लावायची, दृष्ट काढायची. कशाकशाची म्हणून आठवण ठेवतो आपण! आणि गाडी दारात उभी राहिली की एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. बाळ बसणार कुठे? विचारलाच कुणी, तर दहा जण एकदम सांगतील, "कुठे म्हणजे काय? मांडीवर!"

आज मला या मांडीविषयीच तुमच्याशी बोलायचं आहे. आईची नाहीतर आजीची मांडी म्हणजे बाळाला जगातली सगळ्यांत सुरक्षित जागा, हे आपल्या रक्तातच आहे. घरात ते खरंही आहे. पण चालत्या मोटारीत ते खरं नाही, मुळीच नाही. तिथे बाळाची जागा एकच: मागच्या सीटवर पक्क्या बांधलेल्या त्याच्या स्वतःच्या कार सीटमध्ये. आमच्या वेळी असली सीट ठाऊक नव्हती, पण हल्ली ती आपल्याकडेही सहज मिळते. तरीही ती आणायची का, आणली तर कशी वापरायची, आणि घरातल्या मोठ्यांना कसं समजवायचं, या तीन ठिकाणी गाडी अडते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हात का पुरत नाहीत?

एसटीत उभं असताना ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला की काय होतं, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलं आहे. गाडी थांबते, पण आपण पुढेच जातो. दांडी धरली असली तरी हात निसटतो. आणि तो तर नुसता ब्रेक! ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी मोटार झाडावर किंवा ट्रकवर आदळली, तर ती एका क्षणात थांबते. आतली माणसं मात्र त्याच पन्नासच्या वेगानं पुढे जात राहतात. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडलेली वस्तू जमिनीवर जेवढ्या वेगानं आदळते, साधारण तेवढाच हा वेग आहे.

आता थोडा हिशेब करू. गाडीचं पुढचं नाक चेपतं आणि अर्ध्या मीटरच्या आसपास अंतरात सारं थांबतं, असं धरा. तेवढ्या वेळात प्रत्येक वस्तूचा भार जवळजवळ वीसपट होतो. तीन महिन्यांचं बाळ पाच-सहा किलोंचं असतं. म्हणजे ते क्षणभर शंभर किलोंहून जड होणार. घरचा भरलेला गॅस सिलिंडर नुसता सरकवायचा तरी आपण कंबरेला पदर खोचतो. असे तीन-चार सिलिंडर एकदम पुढे झेपावताहेत, आणि ते तुम्ही दोन हातांनी धरून ठेवायचे आहेत, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत! पहिलवानालाही ते जमणार नाही. तिथे आईची माया कमी पडत नाही हो, हातच कमी पडतात.

आणखी एक गोष्ट ऐकवत नाही, पण सांगायला हवी. मांडीवर घेणाऱ्या बाईनं स्वतः पट्टा लावला नसेल, तर तीही पुढे फेकली जाते. मग पुढची सीट आणि तिचं अंग यांच्यामध्ये कोण सापडतं, हे मी लिहायला नको. काही जणी यावर तोड म्हणून आपला सीट बेल्ट बाळाच्याही अंगावरून घेतात. तसं कधीही करू नका. त्या पट्ट्यात मागून आपलं सगळं वजन बाळावर येतं.

अमेरिकेतली एक पळवाट

ही मांडीची समजूत फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत टेनेसी नावाचं राज्य आहे. तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी आपल्या पत्नीच्या साथीनं खटपट करून १९७७ साली एक कायदा मंजूर करून घेतला. लहान मुलांना मोटारीतून नेताना त्यांच्या खास सीटमध्येच बसवलं पाहिजे, असा हा त्या देशातला पहिलाच राज्य कायदा. १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. पण मंजूर होता होता त्यात एक पळवाट घुसली: मोठ्या माणसानं मूल हातात धरलं असेल, तरी चालेल! म्हणजे कायदा झाला, पण मांडी राहिलीच. या दुरुस्तीला तिच्या विरोधकांनी 'मुलांना चिरडणारी दुरुस्ती' असं नाव ठेवलं होतं. ती काढून टाकायला १९८१ साल उजाडावं लागलं. १९८५ पर्यंत मात्र अमेरिकेच्या सगळ्या पन्नास राज्यांत असे कायदे झाले.

आपल्याकडेही आता कायदा आहे बरं का. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९४-ब प्रमाणे, चौदा वर्षांखालील मूल सीट बेल्टनं किंवा मुलांसाठीच्या खास सीटनं बांधलेलं नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीनं कुणी लेकराला जपत नाही, आणि हवालदारानं अडवलं नाही म्हणून धोकाही टळत नाही.

तोंड मागे का करायचं?

कार सीट आणली की पहिला प्रश्न येतो तो हा: "अगंबाई, बाळाचं तोंड मागे? त्याला रस्ता कसा दिसणार?" बाळाला रस्ता बघायचा नसतो हो, त्याला मान सांभाळायची असते. तान्ह्या बाळाचं डोकं म्हणजे त्याच्या एकूण लांबीचा चौथा हिस्सा. आपलं डोकं आपल्या उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढंच असतं. एवढं जड डोकं आणि खाली देठासारखी मान! बाळाला उचलताना आपण मानेखाली हात घालतो, तो याचसाठी. तोंड पुढे करून बसवलेल्या बाळाचं अंग पट्ट्यांनी अडतं, पण डोकं जोरानं पुढे झटकतं. तोंड मागे असलं, तर सीटची पाठ तेच काम करते जे आपला हात करतो. डोकं, मान आणि पाठ एकदमच तोलली जातात, आणि धक्का साऱ्या पाठीवर पसरतो.

ही कल्पना स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन या प्राध्यापकांची. अंतराळवीरांना उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसवतात, म्हणजे तो प्रचंड जोर सगळ्या पाठीवर वाटला जातो. ते पाहून त्यांना हे सुचलं. १९६४ साली अशी पहिली नमुन्याची सीट त्यांनी चाचणीला घेतली. चंद्रावर जायच्या तयारीतून बाळाची खुर्ची निघाली म्हणायची!

तेव्हा निदान सव्वा वर्षाचं होईपर्यंत तरी बाळाचं तोंड मागेच असू द्या. त्यानंतरही, सीटवर लिहिलेल्या वजनाच्या व उंचीच्या मर्यादेत मूल बसत असेल, तोवर तसंच राहू द्यावं असं तज्ज्ञ सांगतात. "पाय दुमडतात, अवघडत असेल" ही काळजी नको. आपली मुलं घरीदारी मांडी घालूनच बसतात की! पाय दुमडले म्हणून बिघडत नाही. डोकं सीटच्या वरच्या कडेपाशी आलं, म्हणजे मात्र सीट लहान झाली असं समजावं.

सीट घेताना

बाजारात गेलात की दुकानदार आधी रंग दाखवील, मग कापडाचा मऊपणा. तुम्ही सीट उलटी करून तिच्या अंगावरची चिठ्ठी बघा. युरोपच्या मानकाप्रमाणे तपासलेल्या सीटवर वर्तुळात इंग्रजी ई हे अक्षर असतं, आणि आर ४४ किंवा त्यानंतरचा आर १२९ हा क्रमांक असतो. आपल्याकडे एआयएस ०७२ हे मानक आहे. अशी कुठलीच खूण नसेल, तर ती सीट कितीही गोजिरवाणी असो, घेऊ नका. कापडी झोळी, पोटाशी बांधायची कांगारू पिशवी, पाळण्यासारखी टोपली या घरात आणि बाजारात सोयीच्या. मोटारीत त्यांचा उपयोग नाही.

तान्ह्या बाळासाठी दोन प्रकार मिळतात. एक, वर दांडी असलेली उचलायची सीट. ती जन्मापासून साधारण १३ किलोंपर्यंत चालते आणि तोंड मागे करूनच बसवतात. दुसरी मोठी, आधी तोंड मागे आणि पुढे मूल वाढलं की तोंड पुढे करता येणारी, बहुधा १८ किलोंपर्यंतची. एकदाच खर्च करायचा असेल, तर दुसरी परवडते. पण तान्हं बाळ तिच्यात नीट बसतं का, हे आधी पाहून घ्यावं. खरेदीला जाताना गाडी घेऊन जा, आणि आपल्याच गाडीत सीट बसवून बघा. प्रत्येक सीट प्रत्येक गाडीत बसतेच असं नाही.

आपल्याकडे पाळणा, दुपटी, झबली एका घरातून दुसऱ्या घरात जातात, आणि ती चांगलीच रीत आहे. कार सीटचं तसं नाही. नणंदेची किंवा जावेची सीट घ्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टी खात्रीनं ठाऊक हव्यात: ती कुठल्या अपघातात सापडलेली नाही, तिचे सगळे भाग आणि माहितीपुस्तिका जागेवर आहेत, आणि तिच्यावर छापलेली मुदत संपलेली नाही. होय, प्लॅस्टिकलाही वय असतं. उन्हातान्हात ते ठिसूळ होतं. अनोळखी माणसाकडून जुनी सीट घ्यायचा मोह टाळलेला बरा.

गाडीत बांधताना

सीट मागच्या बाजूलाच बसवायची. पुढच्या सीटवर, समोर एअरबॅग असताना, तोंड मागे असलेलं बाळ कधीही ठेवू नये. ही सगळ्यांत मोठी सूचना समजा. एअरबॅग मोठ्या माणसासाठी बनवलेली असते. ती फुगते तेव्हा तिचा तडाखा थेट बाळाच्या डोक्यामागच्या पाठीवर बसतो. पुढच्या काचेच्या वर ऊन अडवायची जी फळी असते, तिच्यावर याच धोक्याचं चित्र छापलेलं असतं. आज गाडीत बसाल तेव्हा मुद्दाम बघा. आपल्याकडे २०२१ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींत चालकाशेजारीही एअरबॅग सक्तीची झाली, तेव्हा "आमच्या गाडीत नसेल" असं धरून चालू नका.

सीट बांधायचे दोन मार्ग आहेत. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत लोखंडी कड्या असतात, त्यांना आयसोफिक्स म्हणतात. तशी सीट असेल तर ती त्या कड्यांत 'टक्' आवाज होईपर्यंत दाबायची, की हिरवी खूण दिसते. नाहीतर गाडीच्याच सीट बेल्टनं बांधायची. पट्टा कुठून ओवायचा, त्या जागा सीटवर रंगानं दाखवलेल्या असतात. तोंड मागे असताना बहुधा निळ्या, पुढे असताना तांबड्या. पट्टा ओवून बक्कल लावलं, की सीटवर आपला भार देऊन पट्टा ताणून घ्या. मग पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवा. बोटाच्या एका पेराहून जास्त हलली, तर पुन्हा बांधा. नेसलेल्या साडीची गाठ जशी आपण चालून बघतो, तसंच हे.

तिरकसपणाही पाहावा लागतो. सीट फार उभी झाली, तर तान्ह्या बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास कोंडतो. किती तिरकी ठेवायची, याची रेघ किंवा बुडबुड्याची खूण सीटवरच असते.

बाळाला बसवताना

इथेच आपल्याकडच्या मायेच्या पद्धती आड येतात, म्हणून नीट वाचा.

बाळाला दुपट्यात गुंडाळून सीटमध्ये ठेवू नका. पट्टा दोन पायांमधून यायला हवा, आणि दुपट्यात ते होतच नाही. कुंची, जाड स्वेटर, गोधडी यांचंही तेच. त्यांच्यावरून आवळलेला पट्टा आपल्याला घट्ट वाटतो, पण धक्का बसला की ती जाडी दबते आणि बाळ पट्ट्यातून निसटतं. तेव्हा साधं झबलं आणि चड्डी घालून आधी पट्टे लावा, आणि थंडी असेल तर वरून दुपटं पांघरा.

डोक्याखाली मोहरीची उशी नको. घरी पाळण्यात डोक्याला आकार यावा म्हणून ती ठेवायची रीत आहे. गाडीत तिच्यामुळे डोकं पुढे ढकललं जातं. सीटबरोबर आलेली असेल तेवढीच गादी वापरावी. गळ्यात काळ्या मण्यांची सर किंवा ताईत असेल, तर निघण्याआधी काढून ठेवा.

खांद्यावरचे पट्टे, तोंड मागे असताना, बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत. पट्ट्यांना पीळ नको. घट्टपणा बघायची एक सोपी युक्ती आहे, आणि शिवणकाम करणारीला तर ती लगेच जमेल: खांद्यापाशी पट्टा दोन बोटांत धरून त्याची चुणी घालून बघा. चुणी आली, तर पट्टा सैल आहे. बोटं घसरली, तर बरोबर आहे. दर वेळी बसवताना हे करायचं, कारण बाळ वाढतं आणि कपडेही बदलतात.

दिवस पुरे होण्याआधी जन्मलेलं किंवा फार कमी वजनाचं बाळ असेल, तर दवाखान्यातून घरी नेण्याआधीच डॉक्टरांना विचारा. अशा काही बाळांना अर्धवट बसून श्वास घेणं जड जातं.

वाटेत

सीट प्रवासासाठी आहे, झोपेसाठी नाही. मुक्कामी पोचलात आणि बाळ गाढ झोपलेलं असलं, तरी त्याला उचलून सपाट जागी, पाठीवर निजवा. "आत्ताच डोळा लागलाय, राहू दे सीटमध्येच" असं म्हणून खोलीत तशीच सीट ठेवू नये. पहिल्या महिना-दीड महिन्यात अर्ध्या-पाऊण तासापेक्षा लांबचा प्रवास शक्यतो टाळावा. पुढेही दर दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर घ्यावं.

पाजायची वेळ झाली तर? गाडी थांबवायची. चालत्या गाडीत बाळाला सीटमधून काढून पाजणं म्हणजे पुन्हा मांडीवरच येणं. एक्स्प्रेसवेवर मध्येच कडेला उभं राहणं धोक्याचं असतं, तेव्हा निघतानाच थांबायच्या जागा ठरवून ठेवा. निघण्याआधी पोटभर पाजून, लंगोट बदलून घेतला, तर निम्मा प्रश्न सुटतो. बाळ रडतं म्हणून काढून घेतलंत, तर त्याला तीच सवय लागेल. प्रवासाच्या आठ दिवस आधी ती सीट घरात आणून ठेवा. बाळ जागं असताना रोज दहा मिनिटं त्यात बसवून खुळखुळा वाजवा. मग गाडीत बसवलं की ते बिचकत नाही.

मागच्या काचेपाशी असलेल्या फळीवर आपण काय काय ठेवतो! पाण्याचा फिरकीचा तांब्या, लाडवांचा डबा, छत्री. धक्का बसला की हे सगळं पुढे उडतं. जड सामान डिकीतच हवं.

आणि ऊन! वैशाखात नागपूरला किंवा जळगावला उन्हात उभी केलेली गाडी म्हणजे भट्टीच. सीटचं बक्कल इतकं तापतं की कातडीला चटका बसतो. गाडी लावताना सीटवर पांढरं फडकं टाकावं आणि बसवण्याआधी बक्कल आपल्या हातानं चाचपावं. मोठ्या माणसापेक्षा बाळाचं अंग कितीतरी पटींनी लवकर तापतं. म्हणून बाळाला गाडीत एकटं ठेवून भाजी घ्यायलासुद्धा उतरू नका, काच थोडी उघडी ठेवूनही नाही.

आजीचा मान

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. सासूबाई म्हणतात, "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? सगळी मांडीवरच मोठी झाली!" त्यांचं बोलणं खोटं नाही. पण त्या काळी घरोघरी मोटारी कुठे होत्या? असत्या तरी रस्ते असे नव्हते नि वेग असे नव्हते. आता मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मोटारींना ताशी शंभरची परवानगी आहे. वेग दुप्पट झाला की आदळण्याचा जोर चौपट होतो. मी वर केलेला हिशेब तर पन्नासचाच होता!

वाद घालून मात्र हे साधत नाही. "तुम्हाला काय कळतं" असा सूर लागला, की सीट डिकीत जाते आणि बाळ मांडीवर. त्यापेक्षा आजीला मागे, बाळाच्या शेजारची जागा द्या. बाळाचं तोंड मागे असलं तरी आजीचा चेहरा त्याला दिसतो, तिचं बोट धरता येतं, अंगाई ऐकू येते. पट्ट्याची चुणी बघायचं काम तर आजीकडेच सोपवा. ज्या बाईनं चार पोरांची अंगडी शिवली, तिच्या बोटांना ते जितकं कळेल तितकं कुणालाच नाही. एकदा ते काम तिचं झालं, की मग ड्रायव्हरला "थांब रे, अजून पट्टा बघितला नाही" असं तीच दटावील.

आणि मागे बसणाऱ्या प्रत्येकानं, आजीनंसुद्धा, आपला पट्टा लावायचाच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. मागची सीट आपोआप सुरक्षित नसते. शिवाय पट्टा न लावलेलं मोठं माणूस शेजारच्या बाळावरही आदळू शकतं.

तुमच्या काही शंका

"आमच्याकडे स्वतःची गाडी नाही, भाड्याच्या टॅक्सीनं जातो. मग?" दांडीची उचलायची सीट साध्या सीट बेल्टनं बांधता येते. फक्त मागच्या सीटला धड चालणारा पट्टा असलेली गाडी मागवा, आणि बांधायला पाच मिनिटं लागतील हे चालकाला आधीच सांगून ठेवा.

"सीट घेणं परवडत नाही." सीट महाग आहे, हे खरं. बारशाला मामा, आत्या, मावशी सोन्याची बाळलेणी आणि दहा-दहा झबली आणतात. सगळ्यांनी मिळून एक सीट द्यावी असं आधीच सुचवायला संकोच करू नका. तेही जमत नसेल, तर लांबच्या पल्ल्याला मोटारीपेक्षा रेल्वे बरी. अगदीच इलाज नसेल, तर प्रवास जवळचा आणि वेग कमी ठेवा, मागेच बसा, आपला पट्टा फक्त आपल्यालाच लावा. पण हा नाइलाज आहे, पर्याय नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

"स्कूटरवर नेलं तर चालेल का?" तान्ह्या बाळाला नेऊच नका. मोठ्या मुलांसाठी २०२२ साली केंद्र सरकारनं नियम केले, ते २०२३ पासून लागू झाले. चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा खास पट्टा हवा, नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग चाळीसच्या वर नको.

"थोरली पाच वर्षांची आहे, तिला आता नुसता पट्टा पुरे ना?" नाही. मोठ्यांचा पट्टा तिच्या गळ्यावरून आणि पोटावरून जातो. तो खांद्याच्या हाडावरून आणि खाली मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर बसावा, यासाठी तिला उंच करणारी बूस्टर सीट लागते. साधारण पावणेपाच फूट उंची होईपर्यंत ती वापरावी.

शेवटी एकच सांगते. ही सीट फक्त लांबच्या गावाला जाताना काढायची वस्तू नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे लस टोचायला जाताना, देवळात नेताना, "अगं, पाचच मिनिटांचं तर आहे" असं कुणी म्हणालं, तरीही ती हवीच. या आठवड्यात गाडीतली सीट एकदा पुन्हा हलवून बघा, चिठ्ठीवरची मुदत वाचा, आणि खांद्यावर चुणी येते का ते पाहा. सारं मिळून दहा मिनिटांचं काम आहे. हो, आणि हे पान कापून घरातल्या गाडी चालवणाऱ्याच्या हाती द्या. तो पेपर वाचता वाचता "हं, हं" म्हणेल. त्याला म्हणावं, हं नको, उठा आणि बांधून दाखवा!

पुढच्या आठवड्यात बोलू बाळाच्या वरच्या अन्नाविषयी: नाचणीचं सत्त्व केव्हा सुरू करावं आणि किती पातळ ठेवावं.